एका ताटलीचा ताळेबंद: डच स्वयंपाकघरातला अ‍ॅव्होकॅडो-अंडा टोस्ट

नेदरलँड्समध्ये अ‍ॅव्होकॅडोच्या बागा नाहीत. तिथला हिवाळा या झाडाला सोसत नाही. तरीही युरोपात सर्वांत जास्त अ‍ॅव्होकॅडो याच देशात उतरतो आणि इथूनच तो जर्मनी, फ्रान्स, स्कँडिनेव्हियाकडे रवाना होतो. कोंबड्या मात्र घरच्याच आहेत, अंडी परदेशी जातात, आणि पाव तर दिवसातून दोन वेळा खाल्ला जातो. त्यामुळे भाजलेल्या पावावर अ‍ॅव्होकॅडोचा गर आणि त्यावर अंडं ही न्याहारी डच घरांत सहज रुजली. ॲमस्टलव्हीन, आइंडहोव्हन, द हेग इथे स्थिरावलेल्या मराठी घरांतही ती पोहे-उपम्याच्या शेजारी येऊन बसली आहे.

करायला पंधरा मिनिटं पुरतात. तिच्याविषयीचे प्रश्न मात्र इतक्या लवकर उरकत नाहीत. ती तब्येतीला खरोखर चांगली का? आठवड्यात अंडी किती खावीत? हे फळ दूरच्या कुणाच्या तोंडचं पाणी पळवून तर येत नाही ना? या प्रश्नांवर गेल्या काही दशकांत बरंच संशोधन झालं आहे आणि त्याहून जास्त वाद झाले आहेत. त्या सगळ्याचा हा आढावा. वादाचा रोख बहुधा एकट्या अ‍ॅव्होकॅडोवर असतो. मला वाटतं, ताटलीतल्या तिन्ही वस्तूंना एकच माप लावायला हवं, आणि प्रत्येक वस्तू आपल्याविषयी गिऱ्हाइकाला काय सांगते तेही पाहायला हवं. डच दुकानात अंडं बरंच काही सांगतं, पाव नेमकं सांगतो, आणि अ‍ॅव्होकॅडो जवळजवळ गप्प असतो.

ही ताटली आली कुठून

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत अ‍ॅव्होकॅडो हजारो वर्षं खाल्ला जातो. मक्याच्या भाकरीवर त्याचा गर पसरून खाणं तिथे नवं नाही. उपाहारगृहातला आजचा अ‍ॅव्होकॅडो टोस्ट मात्र ऑस्ट्रेलियाच्या नावावर जमा आहे. बिल ग्रेंजर यांनी १९९३ मध्ये सिडनीच्या डार्लिंगहर्स्ट भागात 'बिल्स' नावाचं छोटं उपाहारगृह काढलं आणि तिथल्या खाद्ययादीत हा टोस्ट ठेवला. तिथून तो लंडन, न्यूयॉर्क करत युरोपभर पसरला. ग्रेंजर यांचं डिसेंबर २०२३ मध्ये निधन झालं, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांची आठवण काढली ती प्रामुख्याने याच पदार्थामुळे. अ‍ॅमस्टरडॅमच्या दे पाइप वस्तीत २०१७ मध्ये 'दि अ‍ॅव्होकॅडो शो' सुरू झालं. त्याचा सगळा मेनू याच एका फळावर उभा आहे.

नेदरलँड्सकडे पाव-अंड्याची स्वतःची परंपराही होती. 'आउट्समायटर' म्हणजे दोन-तीन काप पाव, त्यावर हॅम आणि चीज, आणि वर तव्यावरची हाफ फ्राय अंडी. कोणत्याही जुन्या डच कॅफेत दुपारी हे मिळतं. हॅम आणि चीज काढून तिथे अ‍ॅव्होकॅडो ठेवला की नवी न्याहारी तयार. ज्याच्या तोंडात इराण्याच्या हॉटेलातल्या ऑम्लेट-पावाची चव आहे, त्या मराठी माणसालाही पाव आणि अंडं ही जोडी शिकवावी लागली नाही. नवीन होतं ते फक्त फळ.

फळ: रॉटरडॅमची आढी

दुकानात दिसणारा खडबडीत सालीचा, पिकल्यावर काळपट होणारा अ‍ॅव्होकॅडो म्हणजे 'हास' जात. कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा हाइट्सचे पोस्टमन रुडॉल्फ हास यांच्या परसात हे झाड एका बीतून उगवलं आणि १९३५ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. आज जगभरच्या व्यापारात या एका जातीचा वरचष्मा आहे. साल जाड, त्यामुळे प्रवासात दुखापत कमी. गर लोण्यासारखा आणि तेलाचं प्रमाण चांगलं.

हे फळ झाडावर पिकत नाही. झाडावर ते पक्व होतं, म्हणजे त्यात तेल साठतं. मऊ पडतं ते तोडल्यानंतरच. म्हणून शेतकऱ्याला ते काही आठवडे झाडावरच राखून ठेवता येतं आणि व्यापाऱ्याला ते कडक असताना जहाजात भरता येतं. पेरूहून निघालेला शीतकंटेनर तीनेक आठवड्यांनी रॉटरडॅमला पोहोचतो. आत तापमान पाच-सहा अंशांवर आणि प्राणवायू कमी ठेवलेला असतो, त्यामुळे फळाचा श्वास मंदावतो. बंदरातून माल वेस्टलँड, बारेंड्रेख्ट, फेन्लो भागांतल्या गोदामांत जातो. तिथे उबदार खोल्यांमध्ये इथिलीन वायू सोडून ठरलेल्या दिवशी फळ मऊ करतात. हापूसची आढी लावणाऱ्या कोकणी माणसाला यातलं शास्त्र ओळखीचं वाटेल. भाताच्या पेंढ्याच्या जागी यंत्रं आली, इतकंच. वेस्टलँडमधल्या मास्डाइक गावची 'नेचर्स प्राइड' ही कंपनी अशा 'खायला तयार' फळांच्या व्यापारातलं मोठं नाव आहे.

वर्षभर फळ मिळतं, ते देश पाळीपाळीने पुरवतात म्हणून. मे ते सप्टेंबर पेरूचा जोर असतो. त्याच सुमारास केनिया आणि दक्षिण आफ्रिकाही असतात. हिवाळ्यात स्पेनमधल्या मालागाच्या आसपासचा भाग, मोरोक्को, इस्रायल, कोलंबिया, चिली यांचा माल येतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा केनियाच्या अ‍ॅव्होकॅडोला प्रवासाचे जास्तीचे दिवस जड गेले. नाशिक-सांगलीची द्राक्षंही त्याच काळात त्याच वळशाने रॉटरडॅमला जात होती.

अंडं: टरफलावरचा आकडा

युरोपीय संघात २००४ पासून दुकानातल्या प्रत्येक अंड्यावर शिक्का सक्तीचा आहे. पहिला आकडा कोंबडीचं जगणं सांगतो: ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे बाहेर मोकळ्या जागेत जाणारी, २ म्हणजे बंद शेडमध्ये पण जमिनीवर वावरणारी, ३ म्हणजे पिंजऱ्यातली. पुढे 'एनएल' ही देशाची खूण आणि मग फार्मचा क्रमांक. दोन क्रमांकाच्या शेडमध्ये एका चौरस मीटरला जास्तीत जास्त ९ कोंबड्या चालतात, सेंद्रियमध्ये ६. शून्य आणि एक क्रमांकाच्या कोंबडीला बाहेर चार चौरस मीटर जागा मिळते. जुन्या पद्धतीच्या लोखंडी पिंजऱ्यांवर युरोपीय संघाने १ जानेवारी २०१२ पासून बंदी घातली. डच सुपरमार्केटच्या फळीवर तीन क्रमांकाचं ताजं अंडं दिसत नाही. पण तयार केक किंवा मेयोनेजमध्ये कोणतं अंडं वापरलं ते गिऱ्हाइकाला या आकड्यावरून कळत नाही; घरी अंडं फोडून खाण्याचा हा एक मोठा फायदा आहे.

डच अंड्यांची राजधानी म्हणजे बार्नेव्हेल्ड. हेल्डरलँड प्रांतातल्या या गावाच्या नावाने गडद तपकिरी अंडी देणारी कोंबडीची एक जात ओळखली जाते आणि तिथे कुक्कुटपालनाचं संग्रहालयही आहे. महाराष्ट्रात या धंद्याची अशी जागा पुण्याची. डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि तिच्या जाहिरातींनी भारतातल्या घराघरांत अंडं पोहोचवलं.

शिक्का असूनही डच अंड्याने लोकांचा विश्वास एकदा गमावला होता. २०१७ च्या उन्हाळ्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक अंड्यांत सापडलं. कोंबड्यांवरचे लाल माइट मारण्यासाठी शेडमध्ये जे फवारलं गेलं, त्यात हे बंदी असलेलं द्रव्य मिसळलेलं होतं. शंभरहून जास्त फार्म बंद ठेवावे लागले, कोट्यवधी अंडी नष्ट झाली आणि प्रकरण युरोपभर पसरलं. दोषी फार्मची अंडी लोकांना ओळखता आली ती टरफलावरच्या क्रमांकांमुळेच. सरकारने क्रमांक जाहीर केले आणि लोकांनी घरातली अंडी तपासली. शिक्का घोटाळा थांबवू शकला नाही; घोटाळ्यानंतर मात्र त्याने माणसाला हतबल होऊ दिलं नाही.

घरच्या कोंबडीचं अंडं सर्वांत शुद्ध, ही समजूत नेदरलँड्समध्ये आता टिकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेने, म्हणजे 'आरआयव्हीएम'ने, परसात हौसेने पाळलेल्या कोंबड्यांची अंडी खाऊ नयेत असा सल्ला सबंध देशाला दिला. 'पीफास' ही न विघटणारी रसायनं मातीतून आणि गांडुळांतून कोंबडीच्या पोटात आणि पुढे अंड्यात जात असावीत, असा निष्कर्ष होता. दुकानातल्या अंड्यांत हे प्रमाण खूप कमी आढळलं. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेली अर्धा डझन अंडी नाकारणं कठीण असतं. तरी हा सल्ला पाळावा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

पाव: कायद्याने बांधलेला शब्द

या न्याहारीवर लिहिणारे पावावर एक ओळ खर्च करतात. पोटात जाणाऱ्या वजनाचा मोठा वाटा पावाचा असतो, म्हणून त्याकडे नीट पाहिलं पाहिजे. नेदरलँड्समध्ये 'व्होल्कोरेन' हा शब्द पावावर लिहायचा तर पीठ शंभर टक्के सबंध धान्याचं असावं लागतं, असा कायदा आहे. 'बहुधान्य' किंवा नुसता तपकिरी पाव यांना ही अट लागत नाही. माल्ट घालूनही पावाला गडद रंग येतो. रंग पाहून पाव घेऊ नये, पाकिटावरचा हा एक शब्द पाहावा.

दुसरी गोष्ट आयोडीनची. डच बेकऱ्या पावात सहसा आयोडीनयुक्त मीठ वापरतात आणि तिथल्या लोकांच्या आहारातल्या आयोडीनचा मोठा वाटा पावातूनच येतो. भारतात हे काम घरच्या मिठाने केलं. तिकडे गेल्यावर पाव सोडून फक्त भात-भाजीवर राहणाऱ्या आणि स्वयंपाकात साधं समुद्री मीठ वापरणाऱ्या कुटुंबाने याकडे लक्ष द्यावं. सेंद्रिय पावात बऱ्याचदा असं मीठ नसतं, म्हणून पाकीट वाचावं.

शरीराचा हिशेब

दोन काप सबंध गव्हाचा पाव, अर्धा अ‍ॅव्होकॅडो म्हणजे सुमारे ७० ग्रॅम गर, आणि एक अंडं. एवढ्यात साधारण ३५० कॅलरी, १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि १० ग्रॅमच्या जवळपास तंतू मिळतात. अ‍ॅव्होकॅडोच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश ऑलिव्ह तेलात असतो त्या प्रकारचा. साखर नगण्य, पोटॅशियम भरपूर. ही न्याहारी केल्यावर अकरा वाजता बिस्किटांचा डबा उघडावासा वाटत नाही, याचं कारण या बेरजेत आहे.

या जोडीला एक अंगभूत फायदाही आहे. गाजर, टोमॅटो, पालक यांतली कॅरोटिनॉइड द्रव्यं तेलाशिवाय नीट शोषली जात नाहीत. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या २००५ च्या प्रयोगात सॅलडमध्ये अ‍ॅव्होकॅडो घातल्यावर हे शोषण कितीतरी पटींनी वाढलं. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगात अंड्यांनीही तेच केलं. म्हणून टोस्टवर टोमॅटोच्या चकत्या आणि चार पानं पालक ठेवावीत. ती नुसती सजावट राहत नाही.

हृदयाच्या बाबतीत अ‍ॅव्होकॅडोची बाजू बरी आहे, पण जाहिरातीइतकी भक्कम नाही. २०२२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी एक लाखाहून जास्त अमेरिकनांच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. आठवड्यातून दोनदा तरी अ‍ॅव्होकॅडो खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचा एकत्रित धोका १६ टक्के कमी दिसला. अशा नोंदींत एक अडचण असते: अ‍ॅव्होकॅडो खाणारी माणसं एरवीही जपून खातात. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १,००८ जणांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज एक अ‍ॅव्होकॅडो दिला. पोटावरची चरबी कमी झाली नाही. वाईट कोलेस्टेरॉल किंचित उतरलं. याचा अर्थ सरळ आहे. लोणी किंवा प्रक्रिया केलेलं मांस काढून त्या जागी अ‍ॅव्होकॅडो आला तर फायदा होतो. आहे त्यात नुसती भर घातली तर फारसं काही बदलत नाही.

अंड्याचा वाद जास्त जुना आहे. एका बलकात जवळजवळ २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा अमेरिकेच्या आहार मार्गदर्शकाने २०१५ मध्ये काढून टाकली, कारण खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या पातळीशी संबंध वाटला होता त्यापेक्षा सैल निघाला. तरीही अभ्यासांत एकमत नाही. २०१९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखाने जास्त अंडी आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवला. २०२० मध्ये 'बीएमजे'तल्या लेखाने दिवसाला एका अंड्यापर्यंत धोका वाढत नसल्याचं सांगितलं. डच पोषण केंद्राने २०१६ च्या आहारचक्रात मधला मार्ग सुचवला: आठवड्याला दोन ते तीन अंडी, शाकाहाऱ्यांना तीन ते चार. मधुमेह किंवा वाढलेलं कोलेस्टेरॉल ज्यांच्या घराण्यात आहे, आणि मराठी घरांत ते कमी नाही, त्यांनी हे प्रमाण धरून चालावं.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. डच आरोग्य परिषद सावळ्या त्वचेच्या लोकांना रोज १० मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्वाची गोळी घ्यायला सांगते, कारण तिथल्या हिवाळ्यात ऊन पुरत नाही. एका अंड्यातून मिळतं ते याच्या एक-दशांशाच्या आसपास. सकाळी अंडं खाल्लं म्हणून गोळी सोडू नये. शाकाहारी घरांत कमी पडणाऱ्या बी-१२ ला मात्र अंड्याचा चांगला हातभार लागतो.

पाण्याचा आणि जमिनीचा हिशेब

अन्नाच्या मागे किती पाणी लपलेलं असतं, हे मोजायची पद्धत नेदरलँड्समध्येच जन्मली. आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये 'पाण्याचा ठसा' ही कल्पना मांडली आणि पुढे एन्स्खेडेच्या ट्वेंटे विद्यापीठात ती तपशिलाने विकसित केली. २०१९ मध्ये ते गेले, पण त्यांच्या गटाचे आकडे आजही जगभर वापरले जातात. त्या जागतिक सरासरीनुसार एक किलो अ‍ॅव्होकॅडोला सुमारे २,००० लिटर पाणी लागतं, एक किलो अंड्यांना सुमारे ३,३०० लिटर आणि एक किलो गव्हाच्या पावाला सुमारे १,६०० लिटर.

आता हे ताटलीवर मांडू. अर्ध्या अ‍ॅव्होकॅडोला जवळजवळ २०० लिटर. एका अंड्यालाही जवळजवळ २०० लिटर. दोन काप पावाला शंभराच्या थोडं वर. म्हणजे ज्या फळावर सगळा आरोप आहे त्याने आणि ज्या अंड्याविषयी कुणी बोलत नाही त्याने सारखंच पाणी घेतलेलं आहे.

पाणी कोणतं आणि कुठलं, हा मात्र पुढचा आणि जास्त महत्त्वाचा प्रश्न. कोंबडीच्या खाद्यामागचं पाणी बहुतांशी पावसाचं असतं. अ‍ॅव्होकॅडो मात्र कोरड्या मुलखात ठिबकवर वाढवला तर नदी-विहिरींतून पाणी ओढतो. चिलीच्या पेटोर्का खोऱ्यात हे घडलं. १९८१ च्या जलकायद्याने तिथे पाण्याचे हक्क खासगी मालमत्ता झाले होते. डोंगरउतारांवर बागा चढत गेल्या, नदी आटली आणि गावं टँकरवर आली. 'डॅनवॉच' या डॅनिश संस्थेने २०१७ मध्ये हे युरोपीय गिऱ्हाइकांसमोर मांडलं. उसाचे हिरवे फड आणि शेजारच्या वस्तीवर टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी हे दृश्य मराठवाड्याने पाहिलेलं आहे. पेटोर्काचं दुःख मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पेरूच्या किनारी वाळवंटातल्या बागा अँडीजमधून आणलेल्या कालव्यांवर जगतात, आणि इका भागात भूजल खोल गेलं आहे. याउलट कोलंबियाच्या डोंगराळ भागात पाऊस बराचसा भार उचलतो.

हवामानाच्या बाजूने पाहिलं तर बोटीच्या प्रवासाची भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. पूर आणि नेमेचेक या संशोधकांच्या २०१८ च्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की बहुतेक अन्नांच्या कार्बन भारात वाहतुकीचा वाटा लहान असतो. शेतात आणि गोठ्यात काय होतं त्यावर खरा भार ठरतो. वजनाच्या मानाने अंड्याचा कार्बन भार बोटीने आलेल्या अ‍ॅव्होकॅडोपेक्षा जड असतो.

अंड्याचा आणखी एक भार नेदरलँड्सच्या मातीवरच पडतो. कोंबड्यांच्या विष्ठेतला अमोनिया हवेतून जवळच्या रानांत उतरतो. बार्नेव्हेल्ड ज्या खोऱ्यात आहे ते वेलुव या संरक्षित रानाला लागून आहे. २९ मे २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने सरकारची नायट्रोजन परवान्यांची पद्धत रद्द केली आणि त्यानंतर ट्रॅक्टर घेऊन शेतकरी द हेगमध्ये उतरले. शिवाय खाद्यातलं सोयाबीन बहुतांशी अटलांटिकपलीकडून येतं. 'स्थानिक' अंडं हे असं अर्धं परदेशीच आहे. यातून वाट काढणारे प्रयत्नही इथलेच. २०१७ मध्ये लिम्बुर्गमधल्या कास्टेनराय इथे सुरू झालेला 'किप्स्टर' हा फार्म बेकऱ्यांचा उरलेला पाव, भरडा असं माणसाच्या ताटातून सुटलेलं अन्न कोंबड्यांना घालतो आणि नर पिल्लंही न मारता वाढवतो.

घरी करताना

माहितीचा उपयोग शेवटी ओट्याशी व्हायला हवा. फळ घेताना बोटाने दाबून पाहू नये. तळहातात धरून हलकं दाबावं. 'खायला तयार' फळापेक्षा जाळीच्या पिशवीतली कडक फळं स्वस्त पडतात. ती केळ्यांसोबत कागदी पिशवीत ठेवली की केळ्यांच्या इथिलीनने तीन-चार दिवसांत पिकतात. डच हिवाळ्यात थंड खिडकीत ठेवली तर तशीच राहतात; स्वयंपाकघराच्या उबेत ठेवावीत. पिकल्यावर फ्रिजमध्ये. फळ फळीवर आडवं ठेवून कापावं. हातात धरून सुरीच्या टोकाने कोय काढायच्या नादात तळहात कापून घेतलेले लोक इस्पितळांच्या ओळखीचे झाले आहेत. चमच्याने कोय सहज निघते.

अंड्याच्या खोक्यावरची तारीख साधारण घातल्यापासून २८ दिवसांची असते. त्यातून २८ वजा केले की अंडं किती ताजं ते कळतं. युरोपात अंडी सहसा धूत नाहीत, त्यामुळे टरफलावरचं नैसर्गिक आवरण टिकतं आणि दुकानात ती फ्रिजबाहेर असतात. पाण्यात सोडून शिजवायला (पोच करायला) ताजं अंडं लागतं, त्याचा पांढरा भाग धरून राहतो. उकडायला आठवडाभराचं बरं, साल सुटून येते. उकळत्या पाण्यात साडेसहा मिनिटांत बलक पातळ राहतो, आठ मिनिटांत मऊ, दहा मिनिटांत घट्ट. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि वृद्ध यांच्यासाठी घट्टच करावं.

पाव कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर दोन्हीकडून भाजावा. टोस्टरपेक्षा कडा खरपूस होतात आणि मऊ डच पावाला त्याची गरज असते. अर्ध्या फळाचा गर काट्याने भरड कुस्करावा, मीठ, लिंबू, बारीक हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालावी. लिंबाच्या आंबटपणाने गर काळा पडणं लांबतं, थांबत नाही. म्हणून कुस्करून लगेच खावं. डच शाळांत मुलं डब्यात थंड पाव नेतात, त्या डब्यासाठी हा टोस्ट कामाचा नाही. उरलेला अर्धा भाग कोयीसकट झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशी चालतो. वरचा काळसर थर खरवडून काढावा.

मराठी हाताला इथे बरंच करता येतं. गरावर मोहरी, कढीपत्ता आणि हिंगाची चमचाभर फोडणी ओतली तर त्याचा बुळबुळीतपणा जाऊन जीव येतो. लसणीची सुकी चटणी भुरभुरावी. इंडोनेशियाशी जुन्या नात्यामुळे प्रत्येक डच दुकानात सांबाल मिळतो. लाल मिरचीचा तो ठेचा हाफ फ्रायवर ठेवला तर दुसरं काही लागत नाही. अंड्याच्या जागी कांदा-टोमॅटोची भुर्जीही छान, फक्त मग तेल कमी ठेवावं. घरात अंडं चालत नसेल तर उकडलेले छोले भरड कुटून गरात मिसळावेत. प्रथिनांची तूट बरीच भरून निघते आणि पाण्याचा भारही उतरतो.

कौल

सगळा पुरावा एकत्र ठेवला तर ही न्याहारी चांगली आहे, आठवड्यातून दोनदा, अर्धं फळ आणि एक अंडं या मापाने. रोज, एक आख्खं फळ आणि दोन अंडी अशी केली तर शरीराला वाढीव लाभ नाही आणि जमिनीला मात्र कितीतरी पट भार. बाकीच्या सकाळी पोहे, धिरडी, थालीपीठ आहेतच. अंडं घेताना शून्य किंवा एक क्रमांक पाहावा, पावावर 'व्होल्कोरेन' पाहावं. अ‍ॅव्होकॅडो घेताना देश पाहावा, आणि कोरड्या खोऱ्यातल्या फळाऐवजी पावसाच्या मुलखातलं मिळत असेल तर ते घ्यावं.

इथेच गिऱ्हाइकाचे हात बांधले जातात. अ‍ॅव्होकॅडोवरचं लेबल देश सांगतं, पाणी सांगत नाही. एकाच देशात पावसावरची बाग असते आणि आटलेल्या नदीकाठचीही. अंड्यावर शिक्का आला तो पिंजऱ्यांविरुद्ध अनेक वर्षं बोललेल्या लोकांमुळे. फळावरही असा शिक्का मागितल्याशिवाय मिळणार नाही. ते अशक्य आहे असं व्यापारी सांगतील, तेव्हा त्यांना नाशिककडे बोट दाखवावं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक रसायनाचे अंश सापडले म्हणून महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली आणि बागायतदारांचं प्रचंड नुकसान झालं. आज युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची प्रत्येक बाग 'ग्रेपनेट'वर नोंदलेली असते, तिच्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात आणि पेटीवरून थेट त्या शेतापर्यंत पोहोचता येतं. दोन-चार एकरांचा नाशिकचा शेतकरी आपल्या बागेचा हिशेब युरोपला देतो. त्याच बंदरात, त्याच शीतगृहांत उतरणाऱ्या अ‍ॅव्होकॅडोच्या शेकडो हेक्टरांच्या बागांनी आपल्या पाण्याचा हिशेब द्यावा, ही मागणी पूर्णपणे रास्त आहे. ती नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या-खाणाऱ्या मराठी माणसाने करावी, कारण टँकरची रांग आणि पेटीवरचा क्रमांक, या दोन्हींची किंमत त्याला माहीत आहे.